फ्लॉरेन्सचं सुख, मुक्काम दिघाशी

रविवार, ९ एप्रिल १९७८. सकाळी ६.१०

काल संध्याकाळी रामनाथ वकील घरी आले होते. वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत यंदा माझं व्याख्यान. तेही शेवटचं, समारोपाचं. २८ मे, रविवार, सकाळी दहा. कल्याणचे कोणी प्रोफेसर ठरले होते, त्यांना कावीळ झाली, असंही ते बोलता बोलता म्हणाले. त्याचा इथे संबंध नाही.

विषय मी तिथल्या तिथे सांगितला. ‘युरोपातील प्रबोधनकाळ आणि सुखविचार’. वकील म्हणाले, छान, पण पोस्टरवर मावेल का बघतो.

पंधरा वर्षांचा अभ्यास. तीन वह्या. शाळेत नववीला इतिहास शिकवणाऱ्या दुसऱ्या कोणाची भिवंडीत एवढी तयारी असेल असं वाटत नाही. बायकोने, सुमतीने, विचारलं, ऐकायला कोण येणार? मी म्हटलं, ज्या गावात माणसं बारा-बारा तास लूमवर उभी असतात, त्या गावाला सुखविचाराची गरज सर्वात जास्त. ती म्हणाली, बारा तास उभी असतात म्हणूनच विचारलं.

निश्चय : सुखावर बोलणाऱ्याने निदान सुखी असावं. एकोणपन्नास दिवस आहेत. त्यातला एक अख्खा दिवस, सकाळ ते रात्र, शुद्ध सुखात घालवणे. भाषणात पुरावा म्हणून सांगता येईल.

मंगळवार, ११ एप्रिल

मुद्दे पक्के केले. हजार वर्षं युरोपात लोकांना सांगत होते, देह म्हणजे पाप, रडा. मग इटलीतले काही पंडित उठले आणि म्हणाले, का बुवा? एकाने तर तिघांचा वादच लिहिला. पहिला म्हणतो सद्गुण मोठा. दुसरा म्हणतो सुख मोठं, सद्गुण हे सुखाकडे जायचं नुसतं साधन. तिसरा धर्मवाला, तो म्हणतो सुखच खरं, पण ते मेल्यावर. मी दुसऱ्याच्या बाजूचा.

त्याहून माझा जीव फ्लॉरेन्सच्या एका वैद्य-तत्त्वज्ञावर. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून भाषणात ‘वैद्यराज’ म्हणणार. सतत बसून वाचणाऱ्यांना उदासी धरते, असं त्यांचं निदान. उपाय : उगवतं ऊन, हिरवा रंग, सुगंध, थोडी द्राक्षाची दारू, संगीत आणि मित्रांशी गप्पा.

उदासीची सगळी लक्षणं मला आहेत. फार बरं वाटलं.

शनिवार, १५ एप्रिल

उगवतं ऊन घ्यायला कामवारी नदीच्या काठी गेलो. तिथे आधीच बरीच माणसं बसलेली होती, निराळ्या कामासाठी. परत आलो.

मंगळवार, १८ एप्रिल

हिरवा रंग. घरात कुंडीतली तुळस सोडली तर हिरवं काही नाही. म्हणून हिरव्या काचांचा चष्मा आणला आणि शाळेत घालून गेलो. जग खरंच शांत दिसतं. हेडमास्तरांनी लांबूनच सांगितलं, ताम्हाणे, डोळे आलेत तर घरी जा, पोरांना लागण होईल. मी वैद्यराजांचा सिद्धान्त सांगायला पुढे गेलो तर ते मागे सरकले.

नववीचे शहात्तर पेपर तपासायचे राहिलेत, तेही त्यांनी लांबूनच आठवण करून दिली.

शनिवार, २२ एप्रिल

द्राक्षाची दारू. परमिट काढणं शिक्षकाला शोभत नाही, म्हणून द्राक्षासव. बाटलीवर चार चमचे लिहिलंय, पण ते आजाऱ्यांसाठी. मी अर्धी बाटली घेतली. दुपारी तीनपासून पोट बिघडलं. हा दिवस मोजत नाही.

सोमवार, २४ एप्रिल

संगीत. वैद्यराज स्वतः तंतुवाद्य वाजवत. मी बाजारातून जुना बुलबुलतरंग आणला. बटणं दाबायची, तारा छेडायच्या. संध्याकाळी तासभर साधना केली. शेजारच्या कारखान्यातला लूमवाला पाना घेऊन दारात. “मास्टरजी, कौन सी मशीन बिगड़ी है?”

गैरसमज दूर केला. तो म्हणाला, “अच्छा, बाजा है? फिर भी एक बार खोल के देख लूँ?”

चिडचिड झाली. या गावात सुखाला जागा नाही. फ्लॉरेन्सकरांचंही हेच असावं. वैद्यराजांना एका श्रीमंताने गावाबाहेर टेकडीवर मळ्यातलं घर दिलं होतं. तिथे मित्र जमत, जेवत, सुखाची चर्चा करत. मला टेकडी नाही. श्रीमंत नाही.

पण राघो आहे.

शुक्रवार, २८ एप्रिल

राघो माझा शाळासोबती. सातवीपर्यंत एका बाकावर होतो. मग तो दिघाशीला शेतीत गेला, मी पुस्तकात. दर सोमवारी आणि शुक्रवारी बाजाराला भाजी घेऊन येतो, वाटेत आमच्याकडे वांगी-भेंडी टाकून जातो. त्याच्याकडे विहीर आहे, आंब्याची आठ झाडं आहेत, मळ्यात एक खोपटं आहे. म्हणजे फ्लॉरेन्सच.

आज त्याला म्हटलं, सुट्टीत आठवडाभर तुझ्या मळ्यात राहून लिहावं म्हणतो. त्याने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. सुमतीला आत जाऊन विचारलं, “वहिनी, मास्तरची तब्येत बरी हाय ना?” मग बाहेर येऊन म्हणाला, “ये की. खाट हाय. पन लिव्हशील कशावर? टेबल न्हाय.”

टेबल नको. मांडी आहे.

गुरुवार, ४ मे. दिघाशी

काल आलो. स्थळ उत्तम. खाटेत ढेकूण. खोपटात मुंग्या. आंब्याखाली बसलो तर डोक्यात कैरी. गुणाबाई, राघोची बायको, हसून म्हणाली, “भावजी, झाडाखाली कोन बसतं या दिवसांत? आम्ही बी न्हाय बसत.”

राघोशी सुखाची चर्चा सुरू केली. तो मिरचीला पाणी लावत होता. विचारलं, राघो, तुझ्या मते सगळ्यात श्रेष्ठ सुख कोणतं? त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, “तू जरा सरक. पाटाच्या तोंडावर उभा हायेस, पानी अडतंय.”

विषयाला हात घालायला त्याला थोडा वेळ लागेल.

शनिवार, ६ मे. दिघाशी

एक मोठा शोध. राघोची मुलगी मैना, वय एकोणीस. दुपारी भांडी घासून पाटात पाय सोडून बसली, ट्रान्झिस्टर कानाला, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं काही होतं की मी वही विसरलो. घड्याळ लावून पाहिलं. सात मिनिटं. मग गुणाबाईने हाक मारली आणि ती उठून गेली.

पंधरा वर्षांत वाचलेलं प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. पाणी, संगीत, सावली. मलाही जमेल म्हणून ती उठल्यावर त्याच जागी पाय सोडून बसलो. खेकडा चावला.

रविवार, ७ मे. दिघाशी

राघोने एक जबाबदारी टाकली. बुधवारी कोन गावची मंडळी येणार. मुलगा महादू, अंबरनाथला कंपनीत पर्मनंट. मुलगी पसंत आहे, फक्त सुपारी फोडायची. राघो म्हणाला, “शिकलेली मानसं हायेत. मना चार लोकांत बोलाया येत न्हाय. तू आमच्या बाजूनं दोन शब्द बोल. पोरगी गरीब सवभावाची, कामाची हाय, येवढंच.”

मैत्री म्हणजे काय, याचा अनुभव. वैद्यराज म्हणतात, मित्राशिवाय सुख नाही. आता राघोचं काम आणि माझ्या भाषणाची तालीम, दोन्ही होईल. चौदा पानं काढली.

बुधवार, १० मे. दिघाशी. संध्याकाळी

भाषण अपेक्षेपेक्षा चांगलं झालं.

खळ्यात तीस-चाळीस माणसं होती. मुलाचे काका सावळाराम मध्ये बसलेले, फेटा, काठी. मी थेट विषयाला आलो. मुलगी कामाची आहे वगैरे सांगणं म्हणजे जुना विचार. काम हे साधन. माणूस जन्मतो तो सुखासाठी. सद्गुणाने पोट भरत नाही. मग द्राक्षरसाचे गुण सांगितले. कोणीतरी विचारलं, म्हंजी दारू? मी म्हटलं, बेताने.

मग उदाहरण दिलं. समोर होतं तेच. म्हटलं, ही आपली मैना. ही दुपारी तासन्‌तास पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून रेडिओ ऐकत बसते. इटलीतल्या पंडितांना जे ग्रंथ लिहून कळलं, ते हिला उपजत आहे. या घरातून तुम्ही सून नेत नाही, एक जिवंत तत्त्वज्ञान नेताय.

(सात मिनिटांचे तासन्‌तास केले. वक्तृत्वात तेवढं चालतं.)

परिणाम जबरदस्त. सावळाराम इतके हलले की चहाची कपबशी तशीच खाली ठेवून उठले. “पोरगी सुखाला सोकावलेली हाय, आमच्याकडं सात म्हशी हायेत,” एवढं बोलले आणि सगळी मंडळी त्यांच्यामागोमाग बाहेर. विचाराला वेळ हवा असेल.

गुणाबाई घरात गेली. राघो बराच वेळ खळ्यातच उभा होता. मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, “मास्तर, शेवटची एस.टी. सव्वासहाला हाय.”

सोमवार, १५ मे. भिवंडी

सुपारी फुटली नाही. सुमतीला बाजारात कळलं. सोयरीक मोडून त्या लोकांनी वर बोलायला सुरुवात केली आहे की मुलीत काही खोट असेल, मास्तर उगीच कशाला बोलेल.

आश्चर्य वाटलं. शिकलेली माणसं आहेत असं मला सांगण्यात आलं होतं.

राघो शुक्रवारी आला नाही. आज बाजारात होता म्हणे, इकडे वळला नाही. भाजी मला आणावी लागली. वांगी किडकी निघाली. राघोने मला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. तो बोलतच नाही, तर देणार कसा?

त्याच्याकडे जाऊन बोलावं का? बोलावं. पण आधी भाषणातलं मैत्रीवरचं चौथं प्रकरण पूर्ण व्हायला हवं. तोवर माझे विचार स्पष्ट नाहीत.

बुधवार, १७ मे

सुमती सकाळीच निघून गेली. दिघाशीहून गुणाबाईला घेतलं आणि दोघी कोनला सावळारामच्या घरी. मला सांगितलंही नाही. दुपारी मीच भात लावला. खाली लागला.

साडेपाचला आली. जमलं म्हणाली. लग्न ठरलं.

काय सांगितलंस, विचारलं. मग पदराने वारा घेत म्हणाली, “मी म्हटलं, सावळारामभाऊ, यांच्या बोलण्याचा त्या पोरीशी काही संबंध नाही. एकवीस वर्षं यांच्याबरोबर संसार केलाय. यांना सुखातलं काही कळत नाही. त्यावर ते हसले. त्यांची बायको तर माझा हात धरून हसली.”

मुद्दा चुकीचा, पण उपयोगी पडला. वकिलीत याला काहीतरी म्हणतात, रामनाथना विचारावं.

ती आज हसत हसत भांडी घासत होती. कशाला हसतेस, विचारलं. म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं. मी वही काढून समोर बसलो, तेव्हा हसू थांबलं.

शनिवार, २० मे. दुपारी

माळ्यावर बसून चौथं प्रकरण लिहीत होतो. वाक्य असं : ‘मित्राची चाहूल लागताच ज्याचं मन हातातलं काम टाकून धावतं, त्यालाच’. इथपर्यंत आलो आणि खाली राघोचा आवाज.

सुमतीने हाक मारली. “अहो, राघोभाऊ आलेत.”

वाक्य अर्धं होतं. असं वाक्य सुटलं की परत सापडत नाही. मी गप्प राहिलो. तिने दुसऱ्यांदा हाक मारली. जिना करकरेल म्हणून हललोही नाही.

राघो अर्धा तास बसला. पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “लिव्हत असंल तर लिव्हू द्या, वहिनी. त्याचं मन लागलेलं असंल. अक्षता ठेवून जातो. अठ्ठावीसला दुपारी बाराचा मुहूर्त हाय. मास्तरला म्हनावं, मागचं मागं.”

खिडकीतून पाहिलं. डोक्याला रुमाल, पाठ वाकलेली. हा कधी वाकला?

मला किती ओळखतो तो! ‘लिव्हू द्या’ हे चौथ्या प्रकरणात घ्यावं.

वाक्य पुरं झालं नाही.

रविवार, २१ मे

अठ्ठावीस. तोच दिवस. काल लक्षात आलं नाही.

सोमवार, २२ मे

राघोला पत्र टाकलं. मुहूर्त एक दिवस पुढे घेता येईल का, पंचांग शेवटी माणसानेच केलेलं आहे, असं समजुतीने लिहिलं. सुमतीने पत्र वाचून पेटीत टाकायला स्वतःकडे घेतलं. टाकलं की नाही, सांगत नाही.

रामनाथनाही भेटलो. व्याख्यान शनिवारी घेता येईल का? ते म्हणाले, शनिवारी नाट्यगीतांचा कार्यक्रम आहे, तो हलवला तर लोक मारतील. “तुमचं रद्द करू का? कोणी काही म्हणणार नाही.” मी म्हटलं, समारोपाचं व्याख्यान असं रद्द करता येत नाही.

गुरुवार, २५ मे

घशात खवखव. पित्त. काल पेपर तपासताना एका मुलाने लिहिलेलं आढळलं की प्रबोधनकाळात लोक आनंदी झाले कारण सरांनी सांगितलं. त्याला दोन मार्क दिले. मग शून्य केलं. मग परत दोन. सुखावर काम करताना माणसाला इतका राग का यावा? वैद्यराजांच्या काळात पेपर नव्हते.

चव्वेचाळीस पेपर बाकी. सुखाचा अख्खा दिवस अजून झालेला नाही. ६ मेचे काही तास धरता येतील, खेकडा वगळून.

शनिवार, २७ मे

सुमती दिघाशीला गेली. हळद आज आहे. जाताना नऊवारी नेसली होती, ठेवणीतली. दारात थांबून म्हणाली, “उद्या भाषण लवकर आटपलं तर साडेबाराची गाडी आहे.” मी म्हटलं, दोन तासांचं भाषण आहे, मग प्रश्नोत्तरं, मग सत्कार. ती म्हणाली, “बरं.”

बायकोशिवाय तालीम केली. आरशासमोर. बरी झाली. टाळ्यांसाठी तीन जागा ठेवल्यात.

रविवार, २८ मे. सकाळी ८.३०

कोट घातलाय. उकडतंय. आजचा दिवस आपला. निघतो.

सोमवार, २९ मे. दिघाशी. सकाळी

कालचं लिहून ठेवतो. जसं झालं तसं.

दहाला पोचलो. सतरंज्या अंथरलेल्या होत्या, पंखे चालू होते. सव्वादहापर्यंत वाट पाहिली. समोर चार जण. रामनाथ, शिपाई चिंधू, पेपर वाचणारे एक पेन्शनर आणि कोपऱ्यात एक माणूस झोपलेला. रामनाथ म्हणाले, सुरू करा, येतील.

सुरू केलं. पावणेअकराला वीज गेली. माईक बंद. मोठ्याने बोलू लागलो. मित्रांशिवाय सुख नाही, या वाक्याला रामनाथ खुर्चीतून वाकत वाकत उठले आणि पाऊल न वाजवता बाहेर गेले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. वाटलं, जनरेटर आणायला गेले असतील.

टाळ्यांच्या तिन्ही जागा आल्या आणि गेल्या. तिसऱ्या जागेला चिंधूने सतरंजीची एक बाजू गुंडाळायला घेतली. पेन्शनरांनी पेपर घडी करून विचारलं, “साहेब, आपलं झालं की आम्ही गेलो तर चालेल?” मी म्हटलं, चालेल. उरलेली पानं गाळून अकरा दहाला संपवलं. सत्काराचा नारळ कपाटात होता. किल्ली रामनाथकडे.

साडेबाराची गाडी मिळाली. फाट्यावरून चालत. कोट हातात. अडीच वाजले असतील. मुहूर्त केव्हाच उरकला होता. मैना आणि कोनची मंडळी ट्रकमधून निघून गेलेली. बायका डोळे पुसत पातेली गोळा करत होत्या. गुणाबाईने मला पाहिलं. काहीतरी बोलायला जावं म्हणून मी तोंड उघडलं, तर म्हणाली, “भावजी, पयलं जेवा.”

शेवटची पंगत बसली होती, वाजंत्रीवाले आणि स्वयंपाकी. त्यांच्यात बसलो. वाढायला सुमती. हळदीने हात पिवळे, आवाज बसलेला. मला पाहून “आलात?” म्हणाली आणि पत्रावळ टाकली. समोरच्या ओळीत रामनाथ वकील बसले होते. पान चघळत. राघोच्या जमिनीची कागदपत्रं तेच बघतात, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

वाटेत राघोची माफी मागायची वाक्यं तयार केली होती. चार वाक्यं. मुलीला फाट्यापर्यंत पोचवून तो आधीच परतला होता, तो सरळ माझ्याजवळ येऊन खाली बसला. डोळे लाल. चारातलं एकही वाक्य आठवेना.

त्यानेच विचारलं, “भाषान झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“मानसं व्हती?”

रामनाथांचं चघळणं थांबलं. सुमती भाताचं पातेलं धरून उभी राहिली.

मी म्हटलं, “बरीच होती.”

राघोने रामनाथांकडे एकदा पाहिलं. मग खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तरीच! मी सकालधरनं म्हनतोय, आमच्या मांडवात मानसं कमी का दिसतात.”

पंगतीत कोणी हसलं नाही. मी खाली बघून भात कालवत राहिलो. वरणाशिवाय.